गच्चीवरचा टॉवर, मोबाईलचं रेडिएशन आणि आपली विचारशक्ती

बिचारा_सेक्रेटरी | शनिवार, रात्री 10:40

मंडळी, सिंहगड रस्त्यावरच्या आमच्या सोसायटीची वार्षिक सभा तोंडावर आली आहे आणि विषयपत्रिकेवर जिवंत विषय एकच: बी विंगच्या गच्चीवर मोबाईल टॉवर घ्यायचा की नाही. भाडं येईल, त्यातून लिफ्टचं रखडलेलं काम निघेल, म्हणून निम्मे लोक खूश. उरलेल्या निम्म्यांच्या हातात एक चार पानी पत्रक पडलंय. कॅन्सर, चिमण्या वगैरे नेहमीचं आहेच, पण यंदा नवीन मुद्दा असा की 'टॉवर व मोबाईलच्या लहरींमुळे माणसाची विचार करण्याची क्षमता खालावते, मुलांची स्मरणशक्ती क्षीण होते'. ज्यांची मुलं दहावीत आहेत त्या आया या वाक्यावर अडून बसल्यात. त्यांना नावं ठेवायची माझी हिंमतही नाही आणि इच्छाही नाही.

कॅन्सरवर इथे चर्चा नको, त्यावर धागे पडून आहेत. मला फक्त एवढंच हवंय: लक्ष, स्मृती, झटपट उत्तर देणं, यांवर या लहरींचा परिणाम होतो का हे माणसांवर कुणी तपासलंय का? आणि काय निघालं? 'आमच्या वेळी पोरांना तीसपर्यंत पाढे तोंडपाठ असायचे' छाप प्रतिसाद सभेत फुकट मिळणार आहेत, ते इथे नकोत.

चहा_कमी_साखर | शनिवार, रात्री 10:52

रुमाल टाकून ठेवतो. पुण्यातली सोसायटी, त्यात टॉवर. चिवड्याचा डबा घेऊन बसलोय.

लहरी_माणूस | रविवार, सकाळी 8:15

माझी सगळी नोकरी अँटेना बसवण्यात आणि मोजण्यात गेली, तेव्हा भौतिकशास्त्राची बाजू मी मांडतो. मेंदूबद्दल कुणीतरी जाणकार बोला.

मोबाईलच्या लहरी साधारण 700 मेगाहर्ट्झपासून 3.5 गिगाहर्ट्झपर्यंतच्या. या पट्ट्यातल्या एका फोटॉनची ऊर्जा इलेक्ट्रॉन व्होल्टच्या लाखाव्या हिश्शाच्या आसपास. रासायनिक बंध तोडायला काही इलेक्ट्रॉन व्होल्ट लागतात. म्हणजे एक्स-रेसारखी मोडतोड इथे होत नाही. होते ती उष्णता. फोन कानाला लावून कमाल शक्तीवर बोललात, तर लगतच्या मेंदूचं तापमान वाढून वाढून 0.1 अंश सेल्सिअसच्या आसपास वाढतं. सिंहगड चढताना अंग याहून कितीतरी जास्त तापतं.

आता टॉवर. समजा अँटेनाच्या मुख्य झोतात 1000 वॅट इतकी प्रभावी शक्ती आहे. 100 मीटरवर ती पसरून दर चौरस मीटरला 0.008 वॅट उरते. आपल्या सरकारने 1 सप्टेंबर 2012 पासून टॉवरची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या दहाव्या हिश्शावर आणली, तेव्हा 900 मेगाहर्ट्झसाठी ती दर चौरस मीटरला 0.45 वॅट ठरली. हिशोब ज्याचा त्याने करावा. शिवाय झोत आडवा, किंचित खाली झुकलेला असतो. ज्या इमारतीवर टॉवर आहे तिच्या वरच्या मजल्यावर बहुधा समोरच्या इमारतीपेक्षाही कमी मोजमाप येतं. दिव्याखाली अंधार.

आणि सभेत हमखास निसटणारा मुद्दा. डोक्यात जाणाऱ्या लहरींचा बहुतेक वाटा टॉवरचा नसतो, कानाला चिकटलेल्या फोनचा असतो. फोन किती जोरात ओरडणार हे टॉवर ठरवतो. 4जी फोन कमाल 0.2 वॅटवर बोलतो, पण सिग्नल चांगला असेल तर त्याच्या हजाराव्या हिश्शाहूनही खाली उतरतो. फोनच्या सेटिंगमध्ये सिग्नलचा आकडा डीबीएममध्ये दिसतो, तो बघा. गच्चीत उणे 80 दिसेल, तळमजल्याच्या पार्किंगमध्ये उणे 110. या मापात दहाचा फरक म्हणजे दहापट, तेव्हा हा तीसचा फरक म्हणजे हजारपट. तो भरून काढायला पार्किंगमधला फोन जीव तोडून ओरडत असतो, बॅटरी तापते ती त्यामुळेच. टॉवर दूर ढकलला की आपल्याच कानाशी डोस वाढवून घेतला.

शंकासुर | रविवार, सकाळी 9:30

लहरीकाका, तुमच्या फोटॉनबद्दल शंका नाही. पण 'बंध तुटत नाही म्हणून काहीच होत नाही' ही उडी मला पटत नाही. मेंदू विजेवर चालतो. 2011 साली अमेरिकेतल्या नोरा वोल्को यांच्या गटाने 47 जणांच्या कानाला 50 मिनिटं फोन लावून स्कॅन केला. अँटेनाच्या जवळच्या भागात ग्लुकोजचा वापर सुमारे 7 टक्क्यांनी वाढला. हे आलं 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात, कुठल्या व्हॉट्सॲप विद्यापीठात नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनेही त्याच वर्षी या लहरींना 2बी, म्हणजे 'कदाचित कर्करोगकारक' गटात टाकलं. धूर आहे तर आग शोधायला नको?

मेंदूचा_भुगा | रविवार, सकाळी 11:05

शोधली आहे की. गेली पंचवीस वर्षं लोक तेच करतायत. मी मानसशास्त्राची, प्रयोगशाळेत माणसांना बटणं दाबायला लावणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग, त्यामुळे हा विषय माझ्या अंगणातला आहे.

सुरुवातीची गंमत आधी सांगते, पत्रकवाल्यांना ती माहीत नसावी. 1999 मध्ये ब्रिस्टलच्या गटाने आणि 2000 मध्ये फिनलंडच्या गटाने प्रयोग केले, त्यात फोनच्या लहरी सुरू असताना लोकांची उत्तरं थोडी वेगाने आली. म्हणजे पहिली बातमी अशी होती की रेडिएशनने माणूस तल्लख होतो! तेव्हा कुणी टॉवरसाठी मोर्चा काढल्याचं ऐकिवात नाही. मग त्याच फिनिश मंडळींनी 2003 मध्ये जास्त माणसं घेऊन, दोन प्रयोगशाळांत आणि दुहेरी आंधळ्या पद्धतीने प्रयोग पुन्हा केला. दुहेरी आंधळी म्हणजे फोन खरा सुरू आहे की नुसता लावलाय हे बसलेल्यालाही माहीत नाही आणि प्रयोग घेणाऱ्यालाही नाही. तल्लखपणा गायब. मंदपणाही नाही.

असे प्रयोग साठत गेले. 2024 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने करवून घेतलेला आढावा आला, फक्त माणसांच्या आकलनक्षमतेवरचे प्रयोग एकत्र करून. लक्ष, कार्यस्मृती (काम करताना गोष्टी तात्पुरत्या डोक्यात धरून ठेवणं), प्रतिक्रियेचा वेग, बहुतेक सगळीकडे परिणाम नाही किंवा नगण्य.

वोल्कोंचा अभ्यास चांगला आहे, पण ग्लुकोज वाढणं म्हणजे विचार बिघडणं नव्हे. कोडं सोडवतानाही ग्लुकोज वाढतो. या बदलाचं आरोग्याच्या दृष्टीने महत्त्व काय ते ठाऊक नाही, असं त्यांनीच निबंधात लिहिलंय. त्याच वर्षी फिनलंडमध्ये जवळपास तसाच प्रयोग झाला, त्यात ग्लुकोजचा वापर कमी झालेला दिसला. बातमी कुठली पसरली ते शंकासुरांनी सांगितलंच आहे.

एक गोष्ट मात्र मी झाकणार नाही. मेंदूच्या विद्युत आलेखात, म्हणजे ईईजीत, फोनच्या लहरींमुळे अल्फा पट्ट्यात (मेंदूच्या विजेच्या एका ठरावीक लयीत) थोडा फरक पडतो, हे बऱ्याच प्रयोगशाळांना दिसलंय. झोपेच्या आलेखातही. पण त्या फरकाबरोबर झोप बिघडली किंवा कसोटीतले गुण घसरले असं पुढे निघत नाही. अल्फा तर नुसते डोळे मिटले तरी बदलतो.

शंकासुर | रविवार, दुपारी 12:20

2बी राहिलं. आणि हे सगळे प्रयोग तासाभराचे. आमची पोरं वर्षानुवर्षं फोन वापरतात, त्यांचं काय? स्वित्झर्लंडचा अभ्यास तुम्ही सोयीस्कर गाळलात.

मेंदूचा_भुगा | रविवार, दुपारी 3:40

गाळला नाही, जेवण आवरायचं होतं. पाहुणे होते.

2बीचं आधी. त्या गटात कोरफडीच्या पूर्ण पानाचा अर्क आहे, आशियाई पद्धतीच्या लोणच्याच्या भाज्याही आहेत. 'शक्यता नाकारता येत नाही, पुरावा अपुरा' असा तो खण आहे. शिवाय तो कॅन्सरचा, बुद्धीचा नव्हे.

स्विस अभ्यास 2018 चा. 12 ते 17 वर्षांची जवळपास 700 मुलं, एक वर्ष पाठपुरावा. मेंदूला मिळालेला डोस जास्त तिथे आकृत्या लक्षात ठेवण्याची स्मृती थोडी कमी. उजव्या कानाला फोन लावणाऱ्यांत हा संबंध जास्त ठळक, आणि अशी स्मृती मुख्यतः उजव्या बाजूला सांभाळली जाते. म्हणून हा अभ्यास मी गांभीर्याने घेते. या सगळ्या साहित्यात माझ्या मते विरोधी बाजूचा सर्वांत दमदार पुरावा हाच. पण तो निरीक्षणाचा अभ्यास आहे. जास्त बोलणारी मुलं आणि कमी बोलणारी मुलं इतरही शंभर बाबतींत वेगळी असतात. फरक छोटा आहे. आणि यातला डोस कुठून आला? कानाला फोन लावून बोलण्यातून. टॉवरमधून नव्हे. ज्या आयांना याची काळजी वाटते त्यांनी मुलांना इयरफोन लावायला सांगावं, प्रश्न मिटला. तशीही हल्लीची मुलं फोनवर बोलतात कुठे? माझा भाचा तर फोन आला की तो वाजून थांबेपर्यंत त्याच्याकडे टक लावून बघतो आणि मग मेसेज करतो, 'काय?'

चहा_कमी_साखर | रविवार, दुपारी 3:55

अगदी अगदी. +1

आईसाहेब_कोथरूड | रविवार, संध्याकाळी 6:10

तुम्ही सगळे शिकलेले आहात, पण अनुभव खोटा कसा म्हणायचा? आमच्या घरात वायफाय बसवल्यापासून माझं डोकं जड होतं, काही सुचत नाही, भाजीत मीठ घातलं की नाही आठवत नाही. राऊटर बंद केला की दहा मिनिटांत हलकं वाटतं. हे मनाचे खेळ आहेत असं म्हणणार असाल तर म्हणा.

मेंदूचा_भुगा | रविवार, संध्याकाळी 7:25

ताई, डोकं जड होतं हे शंभर टक्के खरं, त्यावर वादच नाही. ते कशामुळे होतं, एवढाच प्रश्न. तुमच्यासारखा त्रास होणाऱ्या लोकांना बोलावून तोवर झालेल्या 31 प्रयोगांचा लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या संशोधकांनी 2005 मध्ये आढावा घेतला, एकूण 725 माणसं. लहरी सुरू आहेत की बंद, हे बहुतेकांना ओळखता आलं नाही. आणि लहरी बंद असताना, 'सुरू आहेत' असं वाटलं तरी डोकं दुखलं. दुखणं खरंच होतं, लहर नव्हती.

घरी करून बघायचं तर सोपं आहे. राऊटर कपाटाआड ठेवा, दिवा दिसणार नाही असा. घरातल्या कुणीतरी तो रोज तुम्हाला न सांगता नाणं उडवून चालू-बंद करायचा आणि वहीत लिहायचं. तुम्ही वेगळ्या वहीत डोकं कसं होतं ते लिहा. आपला फोन त्या वेळात मोबाईल डेटावर ठेवा, नाहीतर वायफाय गेल्याचं त्यावरून कळेल. दोन वह्या महिन्याभराने शेजारी ठेवा. जे निघेल ते माझ्या किंवा पत्रकाच्या म्हणण्यापेक्षा मोलाचं असेल. आणि तोवर बी-12 तपासून घ्या. तुम्ही शाकाहारी असाल तर नक्कीच.

लहरी_माणूस | रविवार, रात्री 8:00

राऊटर 0.1 वॅटचा असतो, बरं का. तोही खोलीभर पसरतो.

अवांतर: बुधवार पेठेत तपकीर गल्लीत फोनला मागे चिकटवायचे 'अँटी रेडिएशन' स्टिकर मिळतात, माझ्या मेव्हण्याने मोठ्या अभिमानाने दोन आणले. स्टिकरने अँटेना खरोखर झाकली तर सिग्नल पडतो आणि फोन शक्ती वाढवतो. नाही झाकली तर ते नुसतं चित्र. ऑक्टोबर 2020 मध्ये तर सरकारच्या राष्ट्रीय कामधेनू आयोगाच्या अध्यक्षांनी शेणाची चिप दाखवली होती रेडिएशन कमी करायला. शेकडो शास्त्रज्ञांनी पुरावा मागितला.

नवी_पेठेतला_खोलीवाला | रविवार, रात्री 11:48

इतके दिवस वाचनमात्र होतो, आज लिहितो. मी एमपीएससीवाला. आमच्या अभ्यासिकेत आत जाताना चपलांच्या कप्प्यांसारखे लाकडी कप्पे केलेत फोनसाठी, प्रत्येकावर सीट नंबर. सक्ती नाही. पहिल्या रांगेतली सगळी मुलं फोन तिथे ठेवतात, मागच्या रांगेत पुस्तकाखाली पालथा. कुणाचाही फोन थरथरला, फक्त टेबलावर घुंर्र झालं, की मागच्या रांगेतले सहा-सात हात एकदम आपापल्या पुस्तकाखाली जातात. आपला नाही हे कळल्यावरही एकजण स्क्रीन उघडून बघतोच. मग ती उघडली म्हणून इन्स्टा. मग उठून चहाला. लक्ष्मीकांतचं राज्यव्यवस्थेचं पुस्तक उघडं तसंच, कलम 356 वर पेन्सिल आडवी.

रेडिएशनच म्हणायचं तर पुढच्या रांगेतल्यांनाही कप्प्यातून येतंच की, दहा-बारा फुटांवर. वाचून मात्र त्यांचंच होतं.

मेंदूचा_भुगा | सोमवार, सकाळी 7:50

वा! हे लिहिलंत ते बरं झालं. हाच प्रयोग टेक्सास विद्यापीठाने 2017 मध्ये केलाय. जवळपास 800 लोक, सगळ्यांचे फोन मुके. काहींचा टेबलावर पालथा, काहींचा खिशात किंवा पिशवीत, काहींचा शेजारच्या खोलीत. शेजारच्या खोलीत फोन असलेल्यांना कार्यस्मृतीच्या कसोटीत जास्त गुण मिळाले, टेबलावर असलेल्यांना सर्वांत कमी. नंतर इतरांनी तो पुन्हा करून पाहिला तेव्हा निकाल संमिश्र आले, काहींना फरक दिसलाच नाही, त्यामुळे 'नुसत्या अस्तित्वाने' मेंदू आटतो असं मी छातीठोक म्हणणार नाही. पण घुंर्रचं मात्र पक्कं आहे. फ्लोरिडात 2015 मध्ये दिसलं की सूचना नुसती वाजली, माणसाने फोन हातातही घेतला नाही, तरी हातातल्या कामातल्या चुका वाढल्या.

सेक्रेटरीसाहेब, आयांना हे सांगा. पोरगं रात्री एकला फोन बघत जागं राहतं, तेव्हा दुसऱ्या दिवशीच्या गणिताला जबाबदार ती हरवलेली झोप असते. झोप कमी झाली की लक्ष आणि स्मृती ढासळते याला वादच नाही, त्यासाठी कुठलं पत्रक छापायची गरज नाही.

शंकासुर | सोमवार, सकाळी 10:15

ठीक. लहरींमुळे बुद्धी मंद होते याचा पुरावा तोकडा आहे एवढं मी मान्य करतो. 'पूर्ण सुरक्षित' असं प्रमाणपत्र मात्र देणार नाही. मुलांवर दीर्घकाळाचे अभ्यास आणखी हवेत. आणि कंपन्यांच्या पैशावर झालेल्या अभ्यासांकडे मी दोनदा बघणार. जुही चावलाने 5जीविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावला तेव्हा 20 लाखांचा दंड झाला, नंतर 2022 मध्ये तो 2 लाखांवर आला. प्रश्न विचारणाऱ्याला असं गप्प करणं मला पटत नाही.

लहरी_माणूस | सोमवार, सकाळी 11:00

प्रश्न विचारायला हरकत नाही हो, पण अभ्यास न करता कोर्टात गेल्यावर न्यायाधीश चिडणारच.

खोडदची_वाट | सोमवार, दुपारी 1:30

एक भर. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, 45 मीटर व्यासाच्या 30 डिश. 28 फेब्रुवारीला विज्ञान दिनी लोक जत्रेसारखे जातात. तिथे मोबाईल बंद ठेवायला सांगतात. दरवर्षी कुणीतरी म्हणतंच, 'बघा, शास्त्रज्ञसुद्धा घाबरतात!' त्यांना डोक्याची काळजी नसते, दुर्बिणीची असते. आकाशातून येणारे संदेश इतके क्षीण असतात की चंद्रावर एखादा मोबाईल चालू ठेवला तर तो आकाशातल्या सर्वांत ठळक रेडिओ स्रोतांमध्ये गणला जाईल. दुर्बिणीला जे असह्य होतं ते कवटीला जाणवतसुद्धा नाही.

बिचारा_सेक्रेटरी | सोमवार, रात्री 9:20

सगळ्यांचे आभार, सभेपुरती रसद मिळाली. मोजमापासाठी दूरसंचार खात्याचं तरंग संचार पोर्टल आहे असं वाचलं, पैसे भरले की तपासणी होते. ते विषयपत्रिकेत टाकतोय. आज कंपनीचा माणूस जागा बघून गेला. गच्चीत अँटेना, आणि खाली सी विंगच्या मागे, बेडरूमच्या खिडक्यांखाली, डिझेल जनरेटर असं म्हणतोय.

मेंदूचा_भुगा | सोमवार, रात्री 9:45

थांबा थांबा! विचारशक्तीचाच प्रश्न असेल तर हे अडवा. 1992 मध्ये म्युनिकचा जुना विमानतळ बंद झाला आणि नवा दुसरीकडे सुरू झाला. संशोधकांनी दोन्हीकडच्या शाळकरी मुलांना आधी आणि नंतर तपासलं. नव्या विमानतळाजवळच्या मुलांची दीर्घकालीन स्मृती आणि वाचन घसरलं, जुन्याजवळच्यांचं सुधारलं. आवाज मुलांच्या शिकण्यावर परिणाम करतो याला असा भक्कम पुरावा आहे, जसा लहरींना नाही. पत्रकात जनरेटरबद्दल एक ओळ तरी आहे का?

बिचारा_सेक्रेटरी | सोमवार, रात्री 9:58

एक अक्षर नाही. आणि आमच्याकडे दुरुस्तीसाठी गुरुवारी वीज जाते ती जाते, वर पावसाळ्यात कधीही. म्हणजे तो भोंगा वाजणारच. करारात 'जनरेटर बसवणार नाही, फक्त बॅटरी' असं कलम मागतो.

लहरी_माणूस | सोमवार, रात्री 10:10

जरूर मागा, पण बॅटरी लेड-ॲसिड की लिथियम हे आधी लिहून घ्या. लेड-ॲसिडची बँक गच्चीत ठेवली तर स्लॅबवर फार वजन येतं, आणि तुमची इमारत जुनी आहे. स्ट्रक्चरल इंजिनिअरचा दाखला हातात आल्याशिवाय सही करू नका. तो खर्च कंपनीच्या माथी मारा.

चहा_कमी_साखर | सोमवार, रात्री 10:14

आणि लिफ्टचं काम आधी, टॉवर नंतर. सामान जिन्याने चढवायला लावतील नाहीतर.